शिक्षा झाली, तरी अंगावर काळा कोट कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, मोहोळ तालुक्यात आमची शेती. रस्त्यात गेलेल्या जमिनीची वाढीव भरपाई ६,४०,००० रुपये २०१७ साली सोलापूरच्या कोर्टात जमा झाली. वकिलांनी वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं होतं. त्यावर त्यांनी सगळी रक्कम उचलली, वडिलांच्या हातावर २,००,००० ठेवले आणि ‘बाकीचे सरकारच्या अपिलामुळे कोर्टात अडकलेत’ असं सांगत राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये मी स्वतः जाऊन रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची नोंद, पाहिला, तेव्हा कळलं की पैसे केव्हाच निघालेत. फिर्याद दिली. गेल्या वर्षी मॅजिस्ट्रेटनी कलम ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) खाली दोन वर्षं सक्तमजुरी आणि १०,००० रुपये दंड ठोठावला. वकिलांनी सेशन्समध्ये अपील केलं, ‘स्टे’ आणला आणि आठवड्यात पुन्हा काळा कोट घालून कोर्टात फिरू लागले. आता मध्यस्थाकरवी निरोप येतोय की तीन लाख घ्या आणि मिटवून टाका. माझ्या स्वतःच्या घरजागेच्या दाव्यातही वकीलपत्र त्यांचंच आहे. शिक्षा झाल्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आपोआप रद्द होत नाही का? आम्ही आता काय करायचं?

उत्तर:

ताई, आपोआप काहीच होत नाही. फौजदारी कोर्ट माणसाला शिक्षा देतं, सनदेला हात लावत नाही. सनद दिली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने, त्यामुळे काढून घ्यायची तीही त्यांनीच, किंवा त्यांच्यावरच्या अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाने आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने. १९९८ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तर असंही म्हटलं की अवमानाची शिक्षा देताना सर्वोच्च न्यायालयालाही थेट सनद निलंबित करता येत नाही, ते काम बार कौन्सिलचं. आणि सोलापूरच्या मॅजिस्ट्रेटचा निकाल मुंबईला बार कौन्सिलच्या टेबलावर आपसूक पोहोचेल अशी कुठलीही सोय नाही. तो कोणीतरी नेऊन द्यावा लागतो. तुमच्या बाबतीत अजून कोणी दिलेला नाही, म्हणून कोट अंगावर आहे.

आधी तो ‘स्टे’ नेमका कशाचा, ते बघा. कोर्टाच्या आवारात हा शब्द फार सैल वापरला जातो. अपील दाखल झालं की सेशन्स कोर्ट साधारणपणे शिक्षेची अंमलबजावणी थांबवतं आणि जामीन देतं. म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत माणूस तुरुंगाबाहेर. पण तो दोषी ठरलेला आहे ही गोष्ट तशीच राहते. दोषसिद्धीला स्थगिती ही वेगळी चीज आहे. ती वेगळी मागावी लागते, कारणं दाखवावी लागतात आणि ती क्वचितच मिळते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत याचं कलम ३८९ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३० आहे. आदेशाची प्रमाणित प्रत काढून शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे फक्त शिक्षा स्थगित केल्याचं लिहिलं असेल, तर बार कौन्सिलपुढे ते वकील आजही दोषी ठरलेले इसमच आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम २४-अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनदच मिळत नाही. सुटकेनंतर दोन वर्षं उलटल्यावर हा अडसर निघतो. फसवणूक आणि विश्वासघात हे या वर्गातले ठळक गुन्हे. गंमत अशी की हे कलम लिहिलं गेलं ते नव्याने सनद मागणाऱ्यासाठी. आधीच सनद खिशात असलेल्याचं काय, हे त्यात नव्हतं. म्हणजे लॉ कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला दार बंद, आणि वीस वर्षं वकिली केलेल्याला उघडं. महिपालसिंग राणा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या विसंगतीवर बोट ठेवलं, हाच अडसर सनद मिळाल्यानंतरही लागू पडतो असं धरलं आणि त्या वकिलाची नोंदणी कलम २४-अ खाली दोन वर्षं स्थगित केली. तुमच्या तक्रारीत या निकालाचा उल्लेख नावासकट हवा. मात्र त्यावर विसंबून ‘आता सनद गेलीच’ असं समजू नका. व्यवहारात बार कौन्सिलचा आदेश निघेपर्यंत ते उभे राहत राहतील. एक पळवाटही ध्यानात असू द्या. परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्याला २४-अ लागत नाही. अपिलात ते ही मागणी करण्याची शक्यता आहे. सरकारी वकिलांना आधीच सांगून ठेवा की तुमचा तिला विरोध आहे.

तर करायचं काम म्हणजे अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार. ही तक्रार दोन पायांवर उभी करा. इथेच बहुतेक जण चुकतात. सगळा भर निकालावर देतात, ‘कोर्टाने दोषी ठरवलं, सबब सनद रद्द करा’. वकील मग अर्ज देतात की अपील चालू आहे, तोवर चौकशी थांबवा. पुढे अपिलात संशयाचा फायदा मिळून सुटले, की तक्रारीखालची जमीनच सरकते. म्हणून पहिला पाय निकालाचा आणि दुसरा मूळ हकिगतीचा ठेवा. अशिलाचे पैसे घेतले, हिशेब दिला नाही, खोटं कारण सांगितलं. हे गुन्हा म्हणून शाबित होवो न होवो, व्यावसायिक गैरवर्तन म्हणून स्वतंत्रपणे तपासता येतं.

त्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतले वकिलाच्या अशिलाप्रति कर्तव्यांचे नियम कामाला येतात. नियम २४: अशिलाच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये. नियम २५: अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा. नियम २६: आलेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी हे हिशेबात दाखवावं, आणि अशिलाच्या लेखी सूचनेशिवाय खर्चाचे पैसे फीकडे वळवू नयेत. नियम २७: अशिलाच्या नावे पैसे आले की शक्य तितक्या लवकर त्याला कळवावं. नियम ३०: मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यावी. तुमच्या प्रकरणात २७ वा नियम सगळ्यात धारदार आहे, कारण त्याला पुरावा लागतो तो फक्त दोन तारखांचा. पैसे कोर्टातून निघाले ती तारीख आणि तुम्हाला कळलं ती तारीख. मधला काळ दोन वर्षांच्या आसपास आहे.

वकिलांचा बचाव काय असेल, हेही जवळजवळ ठरलेलं आहे: ‘उरलेली रक्कम माझी फी होती.’ भूसंपादनाच्या कामात आपल्याकडे टक्केवारीची बोली सर्रास चालते हे कोणापासून लपलेलं नाही. पण निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं नियम २० नुसार मनाई आहे. म्हणजे ‘टक्केवारी ठरली होती’ असं ते म्हणाले, तर एका गैरवर्तनाच्या बचावासाठी दुसऱ्याची कबुली दिल्यासारखं होईल. फी ठरलीच नव्हती म्हणाले, तर नियम २९ प्रमाणे न्यायालयाच्या नियमांत बसणारी फी वजा करून बाकीची परत करायला हवी होती. ६,४०,००० मधून ४,४०,००० ही कुठल्याच हिशेबाने तशी फी होत नाही. वडिलांनी खरोखर टक्केवारी कबूल केली असेल तर मात्र ते लपवू नका. उलटतपासणीत ते बाहेर येतंच आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

तक्रार वडिलांच्या नावाने करा, कारण अशील ते आहेत. तुम्ही रोजनामा पाहिलात, तेव्हा तुमचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा. भाषा मराठी चालते. राज्यभाषेत तक्रार देण्याची मुभा नियमांतच आहे, आणि प्रकरण दिल्लीला गेलं तर भाषांतर करायची जबाबदारी बार कौन्सिलची. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, परिच्छेदांना क्रमांक घालून लिहा. शेवटी दिवाणी दाव्यात असतं तसं सत्यापन हवं: कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे, कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानलेले, खाली ठिकाण, तारीख, सही. सत्यापन नाही म्हणून तक्रारी परत येतात, मजकूर कितीही खरा असला तरी. वकिलांचा सनद क्रमांक त्यांच्या कुठल्याही वकीलपत्रावर सहीच्या शेजारी सापडेल. शुल्क किती आणि प्रती किती, हे कार्यालयात विचारूनच निघा. कार्यालय मुंबईत फोर्टला, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलात तर चालत जाता येतं. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं आणि सोलापूरची प्रकरणं तिकडे गेली, म्हणून काही जण तुम्हाला कोल्हापूरला पाठवतील. बार कौन्सिलच्या तक्रारीचा त्याच्याशी संबंध नाही.

जोडायची कागदपत्रं: निकालाची प्रमाणित प्रत, सेशन्सच्या आदेशाची प्रमाणित प्रत, वाढीव भरपाईचा निवाडा, रक्कम अदा करण्याचा अर्ज आणि त्यावरचा आदेश, कुलमुखत्यारपत्राची प्रत, वडिलांच्या खात्याचा २०१७ पासूनचा उतारा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पैसे कोर्टात अडकलेत’ असा एखादा संदेश असेल तर तो सोन्याचा. पण नुसती छापील प्रत देऊ नका. ज्या फोनवर तो आला त्या फोनबद्दलचं, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत द्या आणि तो फोन विकू नका. कलमं बदलण्याचा खटाटोपही करू नका. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, विश्वासघात ३१६ झाला आणि फसवणूक ३१८, पण गुन्हा आधीचा आहे, म्हणून ४०६ आणि ४२० च लिहायचं.

काय लिहू नये तेही सांगतो. वकिलांच्या घराविषयी, बंगल्याविषयी, कोणत्या पुढाऱ्याबरोबर उठबस आहे त्याविषयी एक ओळसुद्धा नको. समोरच्या पक्षाच्या वकिलांनाही यात ओढू नका. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलला ५०,००० रुपयांचा भुर्दंड बसवला, तो अशाच एका पोकळ तक्रारीवर शिस्तभंगाची कारवाई चालवल्याबद्दल. तक्रारदार आणि वकील यांच्यात वकील-अशील असं नातंच नव्हतं. तेव्हापासून तक्रार पुढे पाठवताना कारण तपासून घेतलं जाणार हे धरून चला. तुमचं कारण भक्कम आहे, त्यात पाणी घालू नका. तक्रारीची प्रत मुख्यमंत्री, जिल्हा न्यायाधीश, वकील संघ अशी दहा ठिकाणी वाटण्यातही अर्थ नाही. वकील संघ ही सदस्यांची संघटना, सनदेवर तिचा अधिकार नाही. आणि गावच्या ग्रुपवर तर टाकूच नका. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे, ग्रुपवरच्या पोस्टला त्या भरवशावर राहता येत नाही.

बार कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं की प्रकरण तिच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तिघांची, दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. नोटीस वकिलांना जाते, तशीच राज्याच्या महाधिवक्त्यांनाही. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. वडिलांना शपथेवर साक्ष द्यावी लागेल आणि उलटतपासणी होईल, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. मुदतीचं म्हणाल तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३६-ब प्रमाणे एका वर्षात निकाल लागायला हवा, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. ही मुदत पाळली जात नव्हती म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तक्रार दाखल झाल्याच्या पोचपावतीवरची तारीख म्हणूनच महत्त्वाची. वर्ष भरत आलं की त्या तारखेचा हवाला देऊन अर्ज करा.

समिती चार गोष्टी करू शकते: तक्रार फेटाळणं, समज देणं, ठरावीक काळ सनद निलंबित करणं, किंवा नाव नोंदवहीतून कायमचं काढणं. तुम्ही शेवटची मागा, पण नुसती मागू नका, आधार द्या. हरिश्चंद्र तिवारी विरुद्ध बैजू हा २००२ चा निकाल तुमच्या प्रकरणाचा सख्खा भाऊ वाटावा असा आहे. त्यातही गरीब माणसाची भूसंपादनाची भरपाई होती, अवघी ८,११८ रुपये. वकिलाने १९८७ मध्ये ती उचलली आणि दिलीच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षं निलंबन दिलं. तेही जास्त वाटलं म्हणून वकील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे नावच काढलं गेलं. रक्कम लहान की मोठी यावर शिक्षा ठरत नाही, हे यातून दाखवता येतं. फौजदारी शिक्षेनंतर नाव काढल्याचं उदाहरण हवं असेल तर १९९७ चा हिकमत अली खान विरुद्ध ईश्वर प्रसाद आर्य पाहा. निकाल विरोधात गेला तर कळवल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि तिथून पुढे तितक्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं.

आता तीन लाखांचा निरोप. इथे आमचं मत जरा अप्रिय वाटेल. पैसे घेण्यात पाप नाही. ते तुमचेच आहेत, आणि दिवाणी दाव्याची वाट बहुधा बंद झाली आहे. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून मोजायची. कोविडमुळे वगळलेला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सोडला तरी मुदत ऑगस्ट २०२४ च्या आसपास संपते. मधल्या काळात त्यांनी सहीनिशी देणं कबूल केलं असेल, किंवा थोडी रक्कम बँकेतून दिली असेल, तर मात्र मुदत तिथून नव्याने धरता येते. असा एखादा कागद घरात आहे का, ते आजच शोधा. ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने बंद केला, वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. दंडाच्या १०,००० मधून भरपाई म्हणून मिळून मिळणार किती, आणि तीही अपील संपल्यावरच. त्यामुळे तडजोडीला नाक मुरडू नका.

पण तडजोडीच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा. ४०६ आणि ४२० दोन्ही कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतात, अपिलाच्या टप्प्यावर ती परवानगी सेशन्स कोर्टाची लागते, आणि मिटलं की परिणाम निर्दोष सुटण्याचा. म्हणजे तुमच्या सहीची किंमत त्यांच्यासाठी फार मोठी आहे आणि तीन लाख हा पहिला आकडा आहे. मुद्दल ४,४०,०००, वर २०१७ पासूनचं व्याज. रोख घेऊ नका. पुढच्या तारखेचा चेक घेऊनही सही करू नका. रक्कम सेशन्स कोर्टात जमा करा किंवा डिमांड ड्राफ्ट आणा म्हणावं, आणि न्यायाधीशांसमोर सही करा. कागदात ‘रक्कम मिळाली’ एवढंच. ‘फिर्याद गैरसमजातून दिली’, ‘वकिलांनी काही चूक केली नाही’ असली वाक्यं असतील तर खोडून मगच पुढे. आणि ‘बार कौन्सिलची तक्रार मागे घेऊ’ हे वाक्य तर बिनकामाचं आहे, कारण तडजोड झाली किंवा तक्रारदाराने माघार घेतली एवढ्यावरून शिस्तभंगाची चौकशी बंद करता येत नाही, असा नियमच आहे. वरच्या बैजूच्या प्रकरणात तक्रारदाराच्या नावाने तडजोडीचं प्रतिज्ञापत्र पुढे आलं होतं. त्याने ते आपलं नाहीच म्हणून सांगितलं. म्हणून वडिलांना सांगा, कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर आता एकही सही नाही. तडजोडीआधीच बार कौन्सिलची तक्रार दाखल झालेली असलेली बरी. नंतर केली तर ती सूडाची वाटते.

हे वकील नोटरीही असतील तर तो वेगळा धागा. नोटरी कायद्याच्या कलम १० खाली नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे नाव काढायचं स्वतंत्र कारण आहे. शिक्क्यावर नेमणूक राज्य सरकारची की केंद्राची ते पाहून त्या त्या विधी विभागाकडे निकालाची प्रत पाठवा.

तुमच्या घरजागेच्या दाव्याचं काम मात्र या सगळ्याच्या आधी. ते वकील आजवर त्यात हजर राहिले म्हणून झालेले आदेश रद्द ठरत नाहीत, ती धास्ती नको. नवीन वकिलाला जुन्याची ‘ना हरकत’ लागते, आणि ती ते देणार नाहीत असं गृहीत धरा. तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ खाली, जुनं वकीलपत्र संपुष्टात आणत असल्याचा तुमच्या सहीचा लेखी अर्ज कोर्टाची परवानगी मागत द्या. कारणाच्या रकान्यात शिक्षेच्या निकालाचा क्रमांक आणि तारीख एवढं पुरे. फाइल फीसाठी अडवून धरण्याचा वकिलाला हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय. मागणीचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, सात दिवसांची मुदत द्या. नाही दिली तर कोर्टाच्या नकला काढून काम चालतं, आणि ते न देणं तक्रारीत आणखी एक परिच्छेद म्हणून जातं. नव्या वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख पाहा. त्या तारखेला तुम्ही स्वतः कोर्टात हजर असा, आणि नव्या वकिलाचं वकीलपत्र त्याच दिवशी दाखल होऊ द्या.